आनुवंशिक आजाराचा धोका, प्रतिबंधक काळजी आणि आरोग्य विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या कुटुंबांत एखादा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यांचा रोख एका मागणीवर आहे: अशा कुटुंबांच्या प्रतिबंधक काळजीचा खर्च देण्याची आरोग्य विमा कंपन्यांवर कायद्याने सक्ती हवी. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. विम्याचे कायदे देशागणिक बदलतात, म्हणून कायद्याचा उल्लेख येईल तिथे देशाचं नाव दिलं आहे.

१. आमच्या घरात दोघींना स्तनाचा कर्करोग झाला. म्हणजे तो आमच्या रक्तातच आहे का?

असेलच असं नाही. स्तनाचा कर्करोग इतका आढळतो की एका घरात दोन रुग्ण योगायोगानेही असू शकतात. संशय बळावतो तो काही खुणांमुळे: आजार कमी वयात होणं, एकाच बाजूच्या नात्यात दोन-तीन पिढ्यांत दिसणं, दोन्ही स्तनांत होणं, स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग एकाच घरात असणं, पुरुषाला स्तनाचा कर्करोग होणं.

जनुकात हानिकारक बदल सापडला तर चित्र बरंच बदलतं. अमेरिकेच्या आकडेवारीनुसार कुठल्याही स्त्रीला आयुष्यभरात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता साधारण १३ टक्के असते. बीआरसीए १ या जनुकात बदल असेल तर वयाच्या ८० पर्यंत ती सुमारे ७२ टक्के होते, बीआरसीए २ मध्ये असेल तर ६९ टक्के. अंडाशयाच्या कर्करोगासाठी हेच आकडे ४४ आणि १७ टक्के आहेत.

आणखी एक गोष्ट. हा बदल आईकडून जितका येतो तितकाच वडिलांकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. आत्याचा किंवा वडिलांच्या आईचा आजार ‘तो तर बाबांच्या बाजूचा’ म्हणून डॉक्टरांना न सांगणाऱ्या मुली खूप आहेत. कृपया दोन्ही बाजू सांगा.

२. प्रतिबंधक काळजी म्हणजे एकदा रक्त तपासलं की झालं ना?

नाही. चाचणी ही फक्त पहिली पायरी आहे. तिच्या आधी जनुकीय समुपदेशन असतं. तिच्यानंतर आजारानुसार नियमित तपासण्या, औषधं आणि काही जणांच्या बाबतीत शस्त्रक्रिया असते.

बीआरसीएमध्ये बदल असलेल्या स्त्रीला साधारण पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी सुचवतात. मुलं झाल्यावर, बीआरसीए १ असेल तर ३५ ते ४० या वयात, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला दिला जातो, कारण अंडाशयाचा कर्करोग लवकर पकडणारी भरवशाची तपासणी आजही नाही. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारात आतड्याचा कर्करोग टाळण्यासाठी वीस ते पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करतात. एपीसी जनुकातल्या बदलामुळे मोठ्या आतड्यात शेकडो गाठी होतात. तिथे तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयातच सुरू होते, कारण आतडं वेळेत काढलं नाही तर कर्करोग जवळजवळ अटळ असतो.

सगळंच इतकं भारी नसतं. कौटुंबिक कोलेस्टेरॉलवाढ अंदाजे २५० माणसांत एकाला असते. उपचार न केल्यास अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो, आणि उपाय असतो कोलेस्टेरॉल कमी करणारी रोजची स्टॅटिनची गोळी. शरीरात लोह साठत जाणाऱ्या हिमोक्रोमॅटोसिसमध्ये ठरावीक काळाने रक्त काढून टाकणं एवढाच उपचार यकृत वाचवतो.

३. ‘सक्ती’ म्हणजे मला चाचणी करावीच लागणार का?

नाही. इथे सक्ती विमा कंपनीवर आहे, तुमच्यावर नाही. तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनी ही काळजी घ्यायचं ठरवलं तर कंपनीला तिचे पैसे द्यावे लागतील, एवढाच तिचा अर्थ. चाचणी न करण्याचा, किंवा करूनही निकाल न ऐकण्याचा हक्क तुमचाच राहतो.

४. मी ठणठणीत आहे. आजारच नाही, तर विमा कशाचे पैसे देणार?

कंपन्यांचं पहिलं उत्तर नेमकं हेच असतं. बहुतेक पॉलिसी ‘आजार किंवा दुखापत’ या शब्दांवर उभ्या असतात, आणि धोका हा आजार नाही असं म्हणून क्लेम परत पाठवला जातो. हा युक्तिवाद न्यायालयांत तपासला गेला आहे. दोन निकाल माहीत असावेत.

पहिला अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचा, १९९४ मधला. एका स्त्रीच्या घरात स्तन आणि अंडाशयाचे कर्करोग पिढ्यांमागून पिढ्या झाले होते. बीआरसीएची चाचणी तेव्हा उपलब्ध नव्हती. ज्यांच्या नावाने लिंच सिंड्रोम ओळखला जातो त्या डॉ. हेन्री लिंच यांनी वंशावळ पाहून निदान केलं आणि गर्भाशय व अंडाशय काढण्याचा सल्ला दिला गेला. कंपनीने पैसे नाकारले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शरीराची ही अवस्था पॉलिसीच्या शब्दांत बसणारा आजारच आहे. कर्करोग होईपर्यंत थांबण्याची गरज नाही.

दुसरा जर्मनीचा. सप्टेंबर २०१७ मध्ये लाइपझिग इथल्या संघीय प्रशासकीय न्यायालयापुढे बीआरसीए २ मध्ये बदल असलेल्या एका सरकारी कर्मचारी स्त्रीचा प्रश्न होता. तिला दोन्ही स्तन काढून पुनर्रचना करून घ्यायची होती आणि सरकारी आरोग्य साहाय्यातून त्याचा खर्च हवा होता. न्यायालयाने सरसकट हो म्हटलं नाही. धोका पुरेसा मोठा असेल आणि फक्त तपासण्या करत वाट पाहणं त्या व्यक्तीला सोसण्यासारखं नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो आजार ठरू शकतो, असं सांगून प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयाकडे पाठवलं.

दोन्ही निकाल एकेका बाईच्या चिकाटीवर मिळाले. माझ्या मते कायद्याने सक्ती हवी ती याचसाठी. प्रत्येक घराने न्यायालयात जाऊन ‘माझा धोका खरा आहे’ हे सिद्ध करत बसू नये.

५. आजार टाळला तर विमा कंपनीचेच पैसे वाचतात. मग त्या स्वतःहून का देत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो रास्त आहे. उत्तर वेळेत दडलेलं आहे. तिशीतल्या माणसाला आज स्टॅटिन दिलं तर टळणारा हृदयविकार वीस वर्षांनंतरचा असतो. तोवर माणूस नोकरी बदलतो, विमा बदलतो, किंवा म्हातारपणी सरकारी योजनेत जातो. खर्च आजच्या कंपनीचा होतो आणि बचत भलत्याच कुणाच्या खात्यात पडते. प्रत्येक कंपनी असाच हिशोब करते, म्हणून कुणीच पुढे होत नाही.

दुसरी अडचण आणखी अवघड. समजा एका कंपनीने एकटीने ठरवलं की आनुवंशिक धोक्याची सगळी काळजी आपण देऊ. साहजिकच अशा धोक्याची कुटुंबं त्याच कंपनीकडे वळतील. तिचा खर्च वाढेल, प्रीमियम वाढेल, निरोगी ग्राहक निघून जातील, आणि चांगलं वागल्याची शिक्षा तिलाच होईल. सगळ्यांवर एकाच दिवशी एकच नियम लागू झाला की दोन्ही अडचणी बऱ्याच सुटतात. एक कंपनी आज ज्याचा धोका टाळते तो उद्या दुसरीचा ग्राहक होतो, आणि दुसरीचा पहिलीचा.

६. मग माझा प्रीमियम वाढणार. ज्यांच्या घरात असं काही नाही त्यांनी का भरायचं?

थोडा वाढू शकतो, ते लपवण्यात अर्थ नाही. ‘प्रतिबंध नेहमी पैसे वाचवतो’ हे विधान सरसकट खरं नाही. काही उपाय, उदाहरणार्थ कोलेस्टेरॉलवाढीच्या कुटुंबांत नातेवाइकांची तपासणी, खर्चाच्या मानाने फार मोठा लाभ देतात. दरवर्षीचा एमआरआय महाग आहे. तो जीव वाचवतो, पण तिजोरी भरत नाही. त्याचं समर्थन जीव वाचतो म्हणूनच करायला हवं.

भरायचं का, याचं उत्तर विम्याच्या मूळ कल्पनेत आहे. अपघात न होणारेही अपघाताचा विमा भरतात. जनुकांच्या बाबतीत तर कुणी निवड केलेलीच नसते. आणि ‘आमच्या घरात काही नाही’ हे बहुतेकांना ठाऊक नसतं, फक्त वाटत असतं. लहान कुटुंब, कमी मुली, लवकर गेलेले आजोबा, एवढ्यानेही मोठा धोका दोन पिढ्या झाकून राहतो.

७. अशी सक्ती प्रत्यक्षात कुठे आहे?

सगळ्यात तपशीलवार उदाहरण अमेरिकेचं. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार, प्रतिबंधक सेवांबाबतच्या स्वतंत्र तज्ज्ञ कृतिदलाने ‘अ’ किंवा ‘ब’ दर्जा दिलेली सेवा बहुतेक खाजगी विमा योजनांना द्यावी लागते, तीही रुग्णाकडून एक पैसा न घेता. बीआरसीएसाठी समुपदेशन आणि गरज असल्यास चाचणी यांना ‘ब’ दर्जा आहे. काही कंपन्या समुपदेशनाचे पैसे देऊन चाचणीचे नाकारत होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये सरकारला स्पष्ट करावं लागलं की चाचणीही त्यातच येते. जास्त धोका असलेल्या स्त्रियांना टॅमॉक्सिफेनसारखी प्रतिबंधक औषधंही याच मार्गाने मिळतात. या कृतिदलाच्या रचनेलाच न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं. २७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती रचना वैध ठरवली.

ब्रिटनसारख्या देशांत प्रश्नाचं स्वरूपच वेगळं आहे. तिथे खर्च सरकारी आरोग्यसेवा करते, त्यामुळे कंपनीवर सक्ती करण्याऐवजी निकषांत कोण बसतं यावर सगळं ठरतं.

भारतात फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘आनुवंशिक विकार’ या नावाखाली सरसकट क्लेम नाकारणारं कलम भेदभावाचं ठरवलं. प्रकरण हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराचं होतं. पुढच्याच महिन्यात विमा नियामकाने कंपन्यांना हा अपवाद पॉलिसीत न घालण्याचं कळवलं. हा विजय मोठा आहे, पण तो झालेल्या आजाराच्या उपचाराबद्दल आहे. धोका टाळण्याच्या खर्चाची सक्ती ही त्याच्या पुढची पायरी.

८. चाचणी फुकट झाली, बदल सापडला, आणि एमआरआयचं बिल मात्र माझ्या हातात आलं. हे कसं?

कारण सक्ती अर्ध्या वाटेवर थांबते. अमेरिकेतल्या नियमात बीआरसीएचं समुपदेशन आणि चाचणी येते, पण त्या चाचणीमुळे गरज पडणारा एमआरआय आणि प्रतिबंधक शस्त्रक्रिया त्या फुकट यादीत नाहीत. अनेक योजना त्यांचे पैसे देतात, पण वजावट (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) आणि सह-भरणा (प्रत्येक बिलातला स्वतःचा वाटा) कापून, पूर्वपरवानगी घेऊन, कधी अपील केल्यावर.

यामागे एक विचित्र गोष्ट आहे, ती मला फार खटकते. कृतिदलाच्या स्तनतपासणीच्या शिफारशी मुळात ‘सर्वसाधारण धोक्याच्या’ स्त्रियांसाठी लिहिलेल्या असतात आणि बीआरसीएसारखा बदल असलेल्यांना त्यातून स्पष्टपणे वगळलेलं असतं. वैद्यकीय दृष्ट्या ते बरोबर आहे, कारण त्यांना वेगळी आणि जास्त काळजी लागते. पण कायदा जेव्हा त्याच शिफारशींना बांधला जातो, तेव्हा ज्यांना सगळ्यात जास्त गरज तेच हमीच्या बाहेर राहतात.

चाचणीचा खर्च देऊन पुढचा नाकारणारा कायदा माणसाच्या हातात भीती ठेवतो आणि वाट बंद करतो. म्हणून कुठल्याही नव्या प्रस्तावात आधी हे पाहा: निकालानंतरच्या तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया आणि पुनर्रचना शब्दांत लिहिल्या आहेत का? पुनर्रचनेबाबत अमेरिकेत १९९८ पासून वेगळा कायदा आहे. जी योजना स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे देते, तिला पुनर्रचनेचेही द्यावे लागतात.

९. मला लिंच सिंड्रोम आहे, वय २८. विमा म्हणतो कोलोनोस्कोपी ४५ नंतर आणि दहा वर्षांतून एकदा. काय करू?

हे प्रश्न ८ मधल्या अडचणीचंच दुसरं रूप. ४५ हे वय आणि दहा वर्षांचं अंतर सर्वसाधारण धोक्याच्या माणसासाठी आहे. लिंचमध्ये गाठीपासून कर्करोग होण्याचा वेग खूप जास्त असतो, त्यामुळे दहा वर्षांचं अंतर धोकादायक आहे. डॉक्टरांच्या पत्रात जनुकाचं नाव, निकालाची तारीख आणि ‘दर एक ते दोन वर्षांनी’ हे शब्द असू द्या.

बिलावर कोणता कोड पडतो तेही विचारा. एकच तपासणी ‘स्क्रीनिंग’ म्हणून नोंदली तर फुकट, ‘देखरेख’ किंवा ‘निदान’ म्हणून नोंदली तर वजावटीत, असं अनेक ठिकाणी होतं. नोंद खोटी करून घ्यायची नाही. पण चुकीची पडली असेल तर दुरुस्त करून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे.

जाता जाता, डॉक्टरांना ॲस्पिरिनबद्दलही विचारा. लिंच असलेल्यांच्या एका मोठ्या चाचणीत दोन वर्षांहून थोडा अधिक काळ ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पुढे आतड्याचा कर्करोग कमी आढळला. मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका, रक्तस्रावाचा धोका असतो.

१०. मी पुरुष आहे, आईला बीआरसीए २ होता. माझी चाचणी यात का येत नाही?

प्रश्न ७ मधली अमेरिकन शिफारस फक्त स्त्रियांसाठी लिहिलेली आहे, म्हणून. वैद्यकीय कारण म्हणून हे पुरेसं नाही. बीआरसीए २ मुळे पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोग जास्त आणि अधिक आक्रमक रूपात होतो, आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका आयुष्यभरात सुमारे ७ टक्क्यांपर्यंत जातो. शिवाय तुमच्या मुलीला तो बदल तुमच्याकडूनच जाऊ शकतो. बऱ्याच योजना पुरुषांच्या चाचणीचेही पैसे वैद्यकीय गरज म्हणून देतात, फक्त ते मागावे लागतात. कायदा लिहिताना ‘स्त्री’ ऐवजी ‘व्यक्ती’ एवढा एक शब्द बदलला तरी पुष्कळ काम होईल.

११. आधी कुणाची चाचणी करायची, आणि ती कुणाच्या पॉलिसीतून?

शक्य असेल तर ज्याला आजार झाला आहे त्याची आधी. त्याच्यात बदल सापडला की बाकीच्या नातेवाइकांत नेमका तोच बदल शोधायचा असतो. ही चाचणी स्वस्त असते आणि तिचा निकाल ठाम हो किंवा नाही असा येतो. आजारी माणसाला वगळून निरोगी माणसाची केली आणि काहीच सापडलं नाही, तर ‘बदल वारशाने आलाच नाही’ की ‘आपल्याला शोधता आला नाही’ हे कळत नाही.

पॉलिसी ज्याची त्याची. गंमत नाही, खरी अडचण अशी की आजारी मावशीच्या चाचणीचा सगळ्यात मोठा लाभ भाच्यांना होतो, आणि मावशीची कंपनी म्हणते की हिच्या उपचारात याने काय फरक पडणार? म्हणून चांगल्या कायद्यात ‘नातेवाइकांना लाभ होत असेल तरीही’ असं वाक्य हवं. नेदरलँड्समध्ये १९९४ ते २०१४ या काळात सरकारी खर्चाने कोलेस्टेरॉलवाढीच्या कुटुंबांत असं एकाकडून दुसऱ्याकडे जात हजारो लोक शोधले गेले. रुग्णाला ‘घरी सांगा’ म्हणून सोडून न देता परिचारिका नातेवाइकांपर्यंत स्वतः पोचत होत्या.

आजारी व्यक्ती हयात नसेल तर निरोगी नातेवाइकाची चाचणी करणं योग्यच आहे. तेव्हा पत्रात ती हयात नसल्याचं स्पष्ट लिहा.

१२. अहवालात ‘महत्त्व अनिश्चित’ असा बदल आला. आता शस्त्रक्रियेचे पैसे मिळतील का?

नाही, आणि मिळूही नयेत. असा बदल हानिकारक आहे की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नसतं. यथावकाश त्यांतले बहुतेक निरुपद्रवी ठरतात. अशा निकालावर अंडाशय किंवा स्तन काढणं ही मोठी चूक होईल. तुमची काळजी कौटुंबिक इतिहासावर ठरेल. दर एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेने वर्गीकरण बदललं का ते विचारत राहा.

१३. चाचणीत काही निघालं तर पुढे विमाच मिळणार नाही, अशी भीती वाटते.

ही भीती अनेकांना चाचणीपासून दूर ठेवते, म्हणून प्रतिबंधाची सक्ती आणि भेदभावावरची बंदी हातात हात घालून यायला हव्यात. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीचा वापर बंद केला. पण आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्याबाहेर आहेत. कॅनडाने २०१७ मध्ये कुठल्याही करारासाठी जनुकीय चाचणी मागणं किंवा निकाल उघड करायला लावणं हाच गुन्हा ठरवला. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा टिकवला. जर्मनीत २०१० पासून बंदी आहे, फक्त तीन लाख युरोंहून मोठ्या रकमेच्या आयुर्विम्यासारख्या करारांत निकाल विचारता येतो. ब्रिटनमध्ये सरकार आणि विमा संघटनेत संहिता आहे. भविष्याचा अंदाज सांगणाऱ्या चाचण्यांपैकी फक्त हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराची, आणि तीही पाच लाख पौंडांहून मोठ्या आयुर्विम्यासाठी, विचारात घेता येते.

आयुर्विमा घ्यायचा विचार असेल आणि तुमच्या देशात त्याला संरक्षण नसेल, तर चाचणीपूर्वी समुपदेशकाशी हे बोला. त्यासाठी आधी विमा घेणं यात गैर काही नाही.

१४. अर्जात कौटुंबिक इतिहास विचारला आहे. लपवलं तर?

लपवू नका. खोटं उत्तर सापडलं तर पॉलिसी रद्द होऊ शकते, आणि ते बहुधा क्लेमच्या वेळीच सापडतं. पण प्रश्न नीट वाचा. ‘आई-वडील, भावंडांना अमुक आजार झाला का’ हा एक प्रश्न आणि ‘तुमच्या जनुकीय चाचणीचा निकाल काय’ हा दुसरा. जो प्रश्न विचारायला कायद्याने बंदी आहे, त्याचं उत्तर देण्याची गरज नाही.

१५. घरून थुंकीचा नमुना पाठवला होता. त्यात बदल नाही आला. मी सुटले का?

नाही. अशा चाचण्या बहुधा मोजकेच बदल पाहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०१८ मध्ये थेट ग्राहकांसाठी मंजूर केलेली बीआरसीए चाचणी तीनच बदल शोधत होती, तेही मुख्यतः अश्केनाझी ज्यू वंशाच्या लोकांत आढळणारे. बीआरसीएचे ज्ञात बदल हजाराहून जास्त आहेत. उलट, तिथे बदल सापडला तरी विमा त्यावर काहीच मंजूर करणार नाही, आधी वैद्यकीय प्रयोगशाळेत खात्री करावी लागते. ती खात्रीची चाचणी मात्र डॉक्टरांमार्फत क्लेममध्ये मागता येते.

१६. माझ्यात बदल आहे. आठ वर्षांच्या मुलीचीही चाचणी करून घेऊ का?

बदल कुठला आहे त्यावर अवलंबून. ज्या आजारात बालपणीच काही करता येतं तिथे चाचणी लवकर हवी आणि विम्यानेही ती दिली पाहिजे. आरईटी जनुकाच्या काही बदलांत थायरॉइड ग्रंथी पहिल्या काही वर्षांतच काढावी लागते. एपीसीत तपासण्या दहाव्या वर्षाच्या आसपास सुरू होतात. कोलेस्टेरॉलवाढीत आठ-दहा वर्षांच्या मुलांना औषध सुरू करता येतं. बीआरसीएसारख्या बदलात पंचविशीपर्यंत करण्यासारखं काही नसतं. तिथे थांबा. सज्ञान झाल्यावर तो निर्णय तिचा असेल.

१७. हंटिंग्टनवर उपायच नाही. त्याची चाचणीही सक्तीत असावी का?

माझं मत: ‘प्रतिबंधक’ या यादीत नको. तपासणीची यादी कशी ठरवावी याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेले निकष आजही वापरले जातात. त्यांत सापडलेल्या आजारावर मान्य उपाय असणं ही एक मुख्य अट आहे. ती सोडली तर यादी लांबत जाईल आणि जिथे जीव वाचतो तिथले पैसे पातळ होतील. पण चाचणीआधीचं आणि नंतरचं समुपदेशन विम्यात असावं, याबद्दल मला शंका नाही. ज्यांच्या आई किंवा वडिलांना हा आजार आहे त्यांनी लग्न, मुलं, नोकरी यांचे निर्णय एकट्याने घेऊ नयेत.

१८. मी थॅलेसेमियाची वाहक आहे. हेच नियम मला लागू का?

तुमचा प्रश्न वेगळा आहे. वाहक व्यक्तीला स्वतःला सहसा आजार होत नाही. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे ही काळजी प्रसूती आणि गर्भधारणेशी संबंधित तरतुदींत शोधा. जोडीदाराची चाचणी आधी करा.

१९. आमच्या राज्याने असा कायदा केला, पण माझी कंपनी म्हणते तो आम्हाला लागू नाही.

अमेरिकेत हे शक्य आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांचे पैसे स्वतःच भरतात, विमा कंपनी फक्त कागदपत्रं सांभाळते. अशा योजनांवर १९७४ च्या संघीय कायद्यामुळे राज्याचे विमा नियम चालत नाहीत. संघीय सक्ती मात्र चालते. मनुष्यबळ विभागाला एकच प्रश्न विचारा: योजना स्वनिधीची आहे का?

२०. क्लेम नाकारला. आता?

नकार लेखी मागा आणि त्यात पॉलिसीचं नेमकं कलम कोणतं ते पाहा. ‘प्रायोगिक’, ‘वैद्यकीय गरज नाही’ आणि ‘पॉलिसीत नाही’ हे तीन वेगळे नकार आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी असतात. पहिल्या दोघांना डॉक्टरांचं पत्र, प्रयोगशाळेचा अहवाल, तीन पिढ्यांची वंशावळ आणि त्या आजाराच्या तज्ज्ञ संस्थेची मार्गदर्शक सूचना जोडून उत्तर देता येतं. तिसरा पॉलिसीच्या शब्दांचा प्रश्न आहे. तिथे प्रश्न ४ मधल्या निकालांसारखा युक्तिवाद, किंवा नियामकाकडे तक्रार.

मुदत चुकवू नका. अमेरिकेत कंपनीतलं अपील फेटाळलं गेलं तर वैद्यकीय निर्णयावर बाहेरच्या स्वतंत्र तपासणीचा हक्क आहे. फोनवर बोललात तर तारीख, वेळ आणि समोरच्याचं नाव लिहून ठेवा. दमल्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाला हे काम द्या. पुष्कळ जण पहिल्या नकारालाच शेवटचा समजून थांबतात.

२१. आम्ही एकसारख्या जुळ्या बहिणी. मला चाचणी हवी आहे, तिला नको. पण माझा निकाल म्हणजे तिचाच निकाल ना?

हो, जवळजवळ नक्कीच. एकसारख्या जुळ्यांत जन्मजात जनुकं सारखीच असतात, त्यामुळे तुमच्या अहवालातून तिचा धोकाही कळतो. विम्याच्या बाजूने पाहिलं तर अमेरिकेच्या २००८ च्या कायद्यात ‘जनुकीय माहिती’ या व्याख्येतच नातेवाइकांच्या चाचण्या आणि कौटुंबिक इतिहास धरले आहेत. म्हणजे तुमचा निकाल वापरून तिला आरोग्य विमा नाकारता येत नाही. आयुर्विम्याचं संरक्षण नसेल तर प्रश्न १३ मधला सल्ला तिलाही लागू.

घरात मात्र कायदा पोचत नाही. नमुना देण्याआधी दोघींनी मिळून समुपदेशकाला भेटा आणि ठरवा: निकाल आला तर तो तिला सांगायचा का, कधी, आणि तिने न विचारता तुमची दरवर्षीची एमआरआयची तारीख तिच्यापासून कशी लपवून ठेवायची.